संकासुर पडला तर हुकूम नाही

लाइपझिग,
३ ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलेलं वाऱ्यावर जातं, लिहून पाठव, तो कागद पत्त्यांच्या डबीतच ठेवतो, असं बाबा म्हणाले म्हणून हे पत्र. आमच्या ऑफिसातले एक जण शनिवारी पेडण्याला घरी निघालेत, त्यांच्याजवळ देते. दादाने मोपाच्या विमानतळावर जाऊन घ्यावं. सोबत आजीसाठी गुडघ्याला लावायचं मलम आहे आणि वहिनीने मागितलेली पेन्सिल. चॉकलेटं वितळतील म्हणून पाठवली नाहीत, विसरले म्हणून नव्हे.

मी बरी आहे. वजन कमी झालेलं नाही, व्हिडिओत तसं दिसतं कारण दिवा डोक्यावर आहे. आजी दर वेळी 'तुका जेवण मेळता मां?' विचारते, तिला सांगा, मेळता. कालच कुळथाची पिठी केली होती. थंडीचं आई इतक्यात विचारू नकोस, सध्या उन्हाळा आहे, रात्री पावणेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो.

आता पत्ते. मी पाठवलेली डबी पोचून पंधरा दिवस झाले नाहीत तोवर घरात दोन तट पडलेत असं वहिनीकडून कळलं. आधी एक गैरसमज. आपल्या पत्त्यांतल्या जजमेंटसारखं यातही आपले किती हात होतील ते आधी बोलायचं, म्हणून बाबा गावभर 'जर्मन जजमेंट' सांगत सुटलेत, पण हा खेळ जर्मनांचा नाही. टोरंटोच्या केन फिशर नावाच्या माणसाने १९८४ मध्ये तो तयार केला, नाव विझार्ड. तुमच्याकडे आहे ती जर्मन आवृत्ती, म्हणून तिच्यात माणसं, एल्फ, बुटके आणि राक्षस असे चार रंग आहेत. आत आपलेच ५२ पत्ते आहेत, एक ते तेरा. वर चार जादूगार आणि चार विदूषक, एकूण ६०. आजीने विदूषकाला संकासुर आणि जादूगाराला घाडी म्हणायला सुरुवात केली हे ऐकून मी ऑफिसात एकटीच हसले. पुढे मी तेच शब्द वापरते. घाडी सगळ्यांवर चढतो, संकासुर सगळ्यांच्या खाली.

आईचा प्रश्न आधी, कारण भांडण त्याचंच आहे. आईने तीन हात बोलले आणि झाले पाच. दादाने पाच हातांचे ५० धरले, दोन जास्त झाले म्हणून २० वजा केले आणि आईला ३० मांडले. आई, दादाचं तुझ्यावर प्रेम आहे पण हिशेब चुकला. बोलल्याइतकेच हात झाले तरच वरचे २० आणि प्रत्येक हाताचे १० मिळतात. चुकलं की केलेल्या हातांचं काहीच मिळत नाही, उलट जितक्याने चुकलं तितके दहा-दहा वजा. दोन जास्त झाले काय नि दोन कमी झाले काय, वजा २०. म्हणजे तुझे ३० नव्हेत, वजा २०. त्या एका डावात तुला ५० गुण फुकट मिळाले आणि बाबा हरले. बाबा, आता ते उकरून काढू नका.

हाच आपल्या जजमेंटपेक्षा मोठा फरक. तिथे बोललेलं हुकलं की शून्य, मग एकाने हुको की चाराने. म्हणून दादा एकदा बिनसलं की सगळे हात ओरबाडून दुसऱ्यांचंही बिघडवायचा. इथे ते महागात पडतं. आणि 'शून्य' बोलून शून्यच झाले तर २०. आजीला हे बरोबर कळलंय. सारखी शून्य बोलते आणि चौथ्या डावापर्यंत पुढे असते.

वहिनीचा प्रश्न, खात्यात काही नसताना वजा कशातून करायचं? उधारीवर. शून्याच्या खाली जाता येतं. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा वजा ७० वर संपवलं होतं.

घाडीवर घाडी पडला तर हात पहिल्याचा. दादा 'शेवटचा कापतो' म्हणतो ते हुकमाच्या पानांच्या सवयीने, इथे चालत नाही. घाडीने उतारी झाली, म्हणजे हाताचं पहिलंच पान घाडी पडलं, तर बाकीच्यांनी हवं ते टाकावं, रंग नाही. संकासुराने उतारी झाली तर पुढचं पान पडेल तो रंग. हातात रंगाचं पान असतानाही घाडी किंवा संकासुर टाकता येतो, त्याला लबाडी म्हणायचं नाही. (आई, हे तुझ्यासाठी.)

हुकूम ठरतो तो वाटून उरलेल्या गठ्ठ्यावरचं पान उलटून. तिथे संकासुर निघाला तर त्या डावाला हुकूम नाही. घाडी निघाला तर वाटणाऱ्याने आपली पानं बघून हुकूम सांगायचा, सगळ्यांनी हात बोलायच्या आधी. पाच जण खेळता तेव्हा बारा डाव होतात, पहिल्या डावात एक पान, दुसऱ्यात दोन. बाराव्या डावात साठच्या साठ पत्ते वाटून संपतात, उलटायला पान उरतच नाही, म्हणून तो डाव बिनहुकमी. दादाने गड्डीतलं खालचं पान उलटून ठेवलं होतं म्हणे. कुठल्या गड्डीतलं?

आता आईची काळजी, 'रात्री-अपरात्री कुणाच्या घरी पत्ते कुटत बसतेस?' वरच्या मजल्यावर सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा राहतात, त्यांच्याकडे. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चोवीस पायऱ्या. बोलावणं तीन आठवडे आधी येतं, चिठ्ठीवर वेळ लिहून. दहाच्या ठोक्याला संपतं, कारण दहानंतर इमारतीत आवाज करायचा नाही असा नियम जिन्यातच लावलेला आहे. पैसे लावत नाहीत. मला यायला नाही म्हणता येतं, पण रविवारी दुकानंसुद्धा बंद असतात आणि खोलीत किती वेळ बसणार.

तिथली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पहिल्या दिवशी खेळ चालू होता, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा एक माणूस उशिरा आला. कुणाशी बोलला नाही, हात मिळवला नाही, फक्त टेबलावर दोनदा टकटक केली. मला वाटलं दारावर कुणी आलंय. मी उठून दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. परत आले तर सगळे माझ्याकडे बघताहेत. बाबा, हा नमस्कार आहे! टेबलाभोवती पुष्कळ माणसं असली की एकेकाशी हात मिळवत फिरण्याऐवजी टेबल ठोकायचं, म्हणजे एकदम सगळ्यांना नमस्कार. बोटांच्या पेरांनी ठोकायचं, तळव्याने नव्हे. निघतानाही तसंच. इथल्या विद्यापीठात व्याख्यान संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, सगळा वर्ग बाक ठोकतो. पहिल्या महिन्यात मला वाटलं सर कंटाळवाणे म्हणून पोरं दंगा करताहेत, आणि त्यांची दया येऊन मी एकटी हात बांधून बसले. सरांना काय वाटलं असेल! आणि पत्त्यांत ठोकलं तर अर्थ वेगळा, तेव्हा ते 'पास'. म्हणजे एकाच टेबलावर तेच दोन ठोके 'आलो', 'चाललो' आणि 'माझं काही नाही', तिन्हींना चालतात. कुठला कोणता हे त्यांना कसं कळतं ते मला अजून उलगडलेलं नाही. मी आता सरसकट ठोकते.

वाद झाला की मात्र इथे वयाने मोठा कोण हे बघत नाहीत, कागद काढतात. त्या आजोबांनी वीस वर्षं हा खेळ खेळलाय, तरी चष्मा लावून नियमांचं पत्रक मोठ्याने वाचतात. इथून गाडीने पाऊण तासावर आल्टेनबुर्ग नावाचं गाव आहे. स्काट हा यांचा ३२ पानांचा, तिघांनी खेळायचा खेळ तिथला. त्या गावात पत्त्यांचं न्यायालय आहे, थट्टा नाही. स्काटच्या नियमांवर भांडण मिटलं नाही की लोक तिथे लिहून पाठवतात आणि निकाल मागवतात. चौकात १९०३ सालचं कारंजं आहे, वर पत्त्यांतले चार गुलाम मारामारी करताना दाखवलेत, खाली लोक नशीब उघडावं म्हणून नवे पत्ते भिजवतात. मी मे महिन्यात एकटीच जाऊन आले. आमच्या सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा म्हणजे गोल पत्ते रंगवतात, दशावतारी संचात १२० पानं, दिवसा रामाच्या राजाने खेळ सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या, हे तिथल्या चहावाल्या बाईला माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग संध्याकाळी कोण? बाबा, संध्याकाळी कोण?

बाबा, वाटणाऱ्याच्या बोलण्यावरचा तुमचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला होता. वाटणाऱ्याने शेवटी बोलायचं आणि एकूण बेरीज हातांइतकी होऊ द्यायची नाही, हा आपला जजमेंटचा नियम. पाच हातांचा डाव, चौघांचे मिळून चार झाले, तर वाटणाऱ्याला एक बोलता येणार नाही. मूळ खेळात अशी सक्ती नाही, दादा म्हणतो ते खरं. पण पुष्कळ लोक इकडेही तुमच्यासारखंच खेळतात, आणि माझं मत तुमच्या बाजूने आहे. बेरीज जुळली की सगळ्यांचंच साधू शकतं, मग डाव मऊ पडतो. न जुळली की कुणीतरी बुडणारच हे आधीपासून माहीत असतं आणि जो तो दुसऱ्याला ढकलतो. तेव्हा घरात बाबांचा नियम. दादाला म्हणावं न्यायालयाचा निकाल आला.

गणपतीचं. २७ तारखेला चतुर्थी आहे हे मला माहीत आहे, वहिनी, दर फोनला सांगू नकोस. सुट्टी मिळाली नाही असं मी म्हटलं होतं. मागितली असती तर बहुतेक मिळाली असती. पण ऑगस्टअखेरीस आमचं काम नव्या लोकांकडे सोपवायचं आहे आणि तेव्हा मी नसले तर पुढच्या वर्षी माझा करार वाढवताना ते आठवतील. डिसेंबरात येते, नक्की. आरतीनंतर जागरणाला हाच डाव काढा. गणपतीवरची माटवी बांधताना आजीला स्टुलावर चढू देऊ नका.

पैसे. परवा ७०० युरो पाठवलेत, तुमच्या खात्यावर सत्तर हजारांच्या आसपास जमा होतील. पडवीची कौलं पाऊस ओसरला की लगेच बदला, दिवाळीची वाट बघू नका. तिकिटाचे वाचले म्हणून पाठवले असं समजू नका. म्हणजे, तेच आहेत, पण तसं समजू नका. माझ्या कर्जाचा हप्ता वेळेवर जातोय, अजून अठरा राहिले. बाबांनी आपल्या पेन्शनमधून तो भरायचा विचारसुद्धा करू नये, दादाने मला सांगितलंय.

मावशीने पाठवलेलं फोंड्याचं स्थळ पाहिलं. फोटो बरा आहे. नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. आई, तू फोनवर रडलीस ते मला कळलं, पदराने फोन झाकला की आवाज जास्तच येतो. मी इथे कुणाला ठरवून बसलेली नाही, असती तर वहिनीला आधी कळलं असतं. मुलाशी मी आधी एकटी बोलेन, मग पत्रिका. पानं बघितल्याशिवाय बोलायचं नाही हे बाबांनीच शिकवलंय. मावशीला हे वाक्य वाचून दाखवू नका.

गुण मांडायची वही संपली तर साध्या वहीत रेघा मारा, दर माणशी दोन रकाने, एक बोलल्याचा, एक गुणांचा. छापील वहीवर सहा जणांची जागा आहे. सहा जण असले की दहाच डाव होतात, लवकर आटपतं.

आजीला साष्टांग नमस्कार. दादा-वहिनीला आठवण.

तुमची,
धाकटी

ता. क. आजीचा प्रश्न राहिलाच. एका हातात सगळ्यांनीच संकासुर टाकले तर? पहिला टाकणाऱ्याचा हात. पण तुम्ही पाच जण आहात आणि संकासुर चारच, त्यामुळे तिला सांगा, निर्धास्त खेळ.