लगामाचं दुसरं टोक

ताई,

त्या दिवशी लेसन संपल्यावर मी तुमच्याशी धड दोन शब्द बोलले नाही. घोडीचं खोगीर उतरवलं, तिला खरारा केला, तिचे खूर साफ केले. तोवर तुम्ही पुढच्या तुकडीला घेऊन रिंगणात गेलाही होतात. मी पागेच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडून घेतलं. आज नऊ दिवस झाले. अजूनही आठवलं की गळा दाटून येतो, म्हणून समोर येऊन सांगण्याऐवजी लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन वर्षं दुसरीकडे शिकत होते. त्या जागेचं नाव इथे नको. तिथले शिक्षक रिंगणाच्या मधोमध उभे राहायचे आणि दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडून मुख्यतः दोनच वाक्यं ऐकली: ‘हात खाली’ आणि ‘टाचा खाली’. हात वर का जातात, हे ना त्यांनी कधी सांगितलं, ना मला विचारायचा धीर झाला. एकदा त्यांनी सगळ्या तुकडीला थांबवलं आणि मला एकटीला दुडकीवर वर्तुळ घ्यायला लावलं, आणि बाकीच्यांना म्हणाले, ‘बघा, असं करायचं नसतं.’ मी ते वर्तुळ पूर्ण केलं. थांबले असते तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

पण मला त्याहून जास्त सलते ती दुसरीच गोष्ट. माझ्या हातांना कंटाळून घोडा तोंड उघडायचा, मान वर टाकायचा. त्यावर त्यांचा उपाय एकच, नोजबँड, म्हणजे नाकाभोवतीचा पट्टा, आणखी एक भोक घट्ट. त्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, हे मी वाचलं होतं, मला माहीत होतं. तिथे एक बोटही जात नव्हतं. तो घोडा तोंड उघडून जे सांगत होता ते ऐकायचं सोडून आम्ही त्याचं तोंडच आवळून टाकलं, आणि मी गप्प बसले. तो अपमान माझा होता, तो मी विसरेन. घोड्याचं मात्र मला विसरता येत नाही.

तर अशी मी तुमच्याकडे आले. आम्ही सहा जण. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद रिंगण, कडेने जागा ओळखायची ती अक्षरं, आणि माझा नंबर सगळ्यात मागे. एकटीने शिकताना फक्त घोड्याची भीती असते. तुकडीत शिकताना माणसांची भीती जास्त वाटते. पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याइतकं अंतर ठेवायचं, समोरून कुणी आलं तर डाव्या हाताला डावा हात ठेवून जायचं, कोपरा कापायचा नाही, आणि हे सगळं सांभाळताना आपल्यामुळे मागच्याचं वर्तुळ मोडायला नको. मी मागून रांग धरली, कारण माझ्या मागे कुणीच नको होतं.

दहा मिनिटांतच माझे हात वर गेले. माझ्या कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडीने मान ताठ केली. तुम्ही ते पाहिलंत, हे मी पाहिलं, आणि माझे कान आपोआप त्या दोन शब्दांसाठी तयार झाले.

तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही सगळ्यांना वॉकवर, म्हणजे साध्या चालीवर आणलंत, लगाम लांब सोडायला सांगितलेत आणि म्हणालात, ‘आता खाली न बघता ओळखा, घोड्याचा आतला, म्हणजे रिंगणाच्या मध्याकडचा, मागचा पाय कधी पडतो? पडला की मनात ‘आता’ म्हणा. मी नंतर प्रत्येकाला विचारणार आहे.’ आणि मग रिंगण ओलांडून माझ्यापर्यंत चालत आलात.

हा स्वाध्याय खरा होता, ते मला कळतं. मागचा पाय उचलला जाण्याच्या क्षणी पायाचा इशारा दिला तरच तो घोड्याला वापरता येतो, पाय एकदा जमिनीवर टेकला की उशीर झालेला असतो. त्यामुळे ते पाच जण मन लावून मोजत होते. पण घरी गेल्यावर रात्री लक्षात आलं की त्या पाच-सात मिनिटांत माझ्याकडे एकानेही पाहिलं नव्हतं. प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या खोगिराखाली होतं. ताई, ते तुम्ही मुद्दाम केलंत ना? मी विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका. पण मला ठाऊक आहे.

मग तुम्ही घोडीच्या मानेवर हात ठेवलात, तिच्या पुढ्यात माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिलात आणि कडियाळ्यापासून, म्हणजे तिच्या तोंडातल्या लोखंडी दांडीपासून, वीतभर अलीकडे दोन्ही लगाम स्वतःच्या मुठींत धरलेत. तिच्या तोंडाकडचा भाग सैल, माझ्याकडचा ताणलेला. ‘आता घोडी मी,’ म्हणालात. आवाज इतका हळू की पुढच्या स्वारालाही गेला नसेल.

तुम्ही दोन्ही हात पुढे नेलेत आणि मागे आणलेत, वॉकमध्ये घोड्याची मान हलते तसे. माझे हात होते तिथेच राहिले, आणि तुमचे खांदे हिसका बसून पुढे आले. मी ते डोळ्यांनी पाहिलं. दोन वर्षं जे मी एका मुक्या जिवाच्या तोंडात करत होते ते मला एका माणसाच्या खांद्यात दिसलं. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. पुन्हा हात पुढे नेलेत. दुसऱ्या खेपेला माझे थोडे आले. चौथ्या-पाचव्या खेपेला तुमचा हात कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो तेच कळेना.

मग मला उभ्या घोडीवरच दुडकीसारखं उठायला-बसायला सांगितलंत. मी उठले, हातही माझ्याबरोबर उठले, तुमच्या मुठी वर खेचल्या गेल्या. ‘दुडकीत घोड्याची मान जवळजवळ स्थिर असते. तुम्ही वरखाली होता, ती होत नाही. म्हणून उठताना कोपर उघडायचं, बसताना मिटायचं. हात खाली दाबायचे नाहीत, कोपर मोकळं करायचं.’ इतकंच. माझे हात वर जात होते कारण माझी कोपरं बंद होती, आणि कोपरं बंद होती कारण दोन वर्षं मी हात खाली दाबून धरत होते! ज्या दोन शब्दांनी चूक सुधारायची त्यांनीच ती घट्ट केली होती. हे सांगायला तुम्हाला अर्धं मिनिटही लागलं नाही. ते सांगण्यासाठी चालत जवळ येणं, एवढंच आधीच्या माणसाला जमलं नव्हतं.

जाता जाता तुम्ही घोडीच्या नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहिलीत. सवयीने केलं असेल. माझ्या पोटात मात्र काहीतरी सुटल्यासारखं झालं.

नंतर सी अक्षरापाशी वीस मीटरचं वर्तुळ, दुडकी. फार काही घडलं असं नाही. अर्ध्या वर्तुळापुरती घोडीने मान लांब केली, पाठ माझ्याखाली वर आल्यासारखी वाटली, तिने कडियाळं चघळायला सुरुवात केली आणि फुरफुरली. मग माझं आतलं पाऊल रिकिबीतून सुटलं आणि ते सगळं गेलं. पण अर्धं वर्तुळ होतं. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणालात. तेही हळूच.

हेलसिंकीच्या १९५२च्या ऑलिंपिकची गोष्ट मला फार पूर्वीपासून आवडते, पण या आठवड्यात ती वेगळ्याच अर्थाने डोक्यात घोळते आहे. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये, म्हणजे बारीक इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरावीक हालचाली करून घेण्याच्या प्रकारात, स्त्रियांना प्रथम उतरता आलं ते त्याच वर्षी. डेन्मार्कच्या लिस हार्टेल पोलिओने गुडघ्यांखाली लुळ्या झालेल्या, घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागायची. आपण ज्या पोटऱ्यांनी आणि टाचांनी घोड्याशी बोलतो त्या त्यांच्या कामाच्याच नव्हत्या. मांड, पाठ आणि शरीराचा तोल यांच्या जोरावर ‘ज्युबिली’ नावाच्या घोडीवर त्यांनी रौप्य पदक मिळवलं. आणि पदक घ्यायला चौथऱ्यावर चढताना त्यांना हात दिला तो त्यांना हरवून सुवर्ण जिंकलेल्या स्वीडनच्या आंरी सेंट सीर यांनी. त्यांनी हात दिला नसता तरी पदकं तीच राहिली असती. तरीही इतक्या वर्षांनी लोक त्या दिवसाचे गुण सांगत नाहीत, तो हात सांगतात.

चांगुलपणा असाच असतो असं मला वाटू लागलंय. तो फार वेळ घेत नाही, त्याला पैसे पडत नाहीत, कुणी मागितलेला नसतो. ज्याच्या हातात शिकवायचा अधिकार आहे तो उभ्या जागेवरून ओरडूही शकतो आणि वीस पावलं चालत जवळही येऊ शकतो. ओरडणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. ‘शिस्त’ म्हणून ते खपून जातं, ‘घोड्याच्या खेळात असंच असतं’ म्हणून खपून जातं. ज्या खेळाचं सगळं कौशल्य पाहणाऱ्याला न दिसेल इतक्या बारीक इशाऱ्यात आहे, तो खेळ आरडाओरडा करून कसा शिकवता येईल, याचा विचार त्या लोकांनी एकदा करावा. माणसाशी जो हळू बोलतो त्याच्याच हातात घोडं द्यावं, असं मला आता अगदी मनापासून वाटतं.

मी स्पर्धेत उतरणार नाही, ताई. माझं वय, माझी नोकरी, माझा आठवड्याचा एक तास, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. माझ्यासारखीला नीट शिकवून तुमच्या नावावर कुठलंही पदक लागणार नाही. हे माहीत असूनही तुम्ही चालत आलात.

गेल्या रविवारी मी त्या जुन्या ठिकाणी गेले होते, फक्त त्या घोड्याला बघायला. तो कुणाच्या तरी लेसनसाठी सजून उभा होता. मी तिथल्या सांभाळणाऱ्या पोराला विचारलं आणि नोजबँड दोन भोकं सैल केला. घोड्याने जबडा हलवला, मग माझ्या बाहीला नाक घासलं. कुणी पुन्हा आवळला असेल तर मला ठाऊक नाही. मी पुढच्या रविवारीही जाणार आहे, आणि या वेळी तिथल्या शिक्षकांशी बोलणार आहे. हळू आवाजात.

गुरुवारी नेहमीच्या वेळेला येते. जमलं तर तीच कुमैत घोडी द्या. डाव्या हातावरच्या वर्तुळात माझं आतलं पाऊल अजून सुटतंय.

तुमची,
रांगेत सगळ्यात मागची