ब्रेकपॉइंटच्या अटीचीही चाचणी हवी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअरविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात नव्या उत्पादनांची आणि नोकऱ्यांची चर्चा पुष्कळ असते. मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दिवसाचा मोठा भाग ज्यात खर्ची पडतो, त्या चुका शोधण्याच्या कामाकडे फारसे कोणी वळत नाही. या कामातल्या एका लहानशा गोष्टीकडे, डीबगरमधील (चालता प्रोग्राम थांबवून आतून तपासू देणाऱ्या साधनातील) सशर्त ब्रेकपॉइंटकडे, आपल्या वाचकांचे आणि विशेषतः संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ब्रेकपॉइंट म्हणजे चालता प्रोग्राम ठरावीक ओळीवर थांबवणारी खूण. १९४० च्या दशकातील एनिॲक या संगणकावर तारा जोडून प्रोग्राम मांडला जाई आणि नेमक्या जागची तार उपसली की काम तिथे थांबे; या शब्दाचे मूळ तिथले असून त्याचे श्रेय एनिॲकच्या प्रोग्रामर बेटी होल्बर्टन यांना दिले जाते. आता तार उपसावी लागत नाही, पण चाळीस हजार नोंदींवरून फिरणाऱ्या लूपमध्ये प्रत्येक फेरीला थांबणेही शक्य नसते. म्हणून त्या खुणेला अट जोडतात: अमुक चलाची (प्रोग्राममध्ये किंमत साठवणाऱ्या नावाच्या जागेची) किंमत अमुक झाली तरच थांब. सोय उत्तम आहे. अडचण एवढीच, की ही अट हासुद्धा कोडच असतो, आणि तो चुकू शकतो हे आम्ही प्रोग्रामर मंडळी सोयीस्करपणे विसरतो.

माझ्याच कामातला एक प्रसंग सांगतो. मालाच्या साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका प्रोग्रामच्या अहवालात एका वस्तूचे नग 'उणे १' असे छापून येत होते. कोड सी भाषेतला होता आणि वजाबाकी होत होती ती एकाच ओळीत. त्या ओळीच्या पुढच्या ओळीवर आम्ही 'नग < ०' ही अट घालून ब्रेकपॉइंट लावला. पुढच्या ओळीवर अशासाठी, की डीबगर ओळ चालण्यापूर्वी थांबतो, आणि त्याच ओळीवर खूण ठेवली असती तर अटीला वजाबाकीच्या आधीची किंमत दिसली असती. म्हणजे एक चूक आम्ही नीट टाळली होती. सगळा डेटा चालवला, प्रोग्राम कुठेही न थांबता शेवटपर्यंत गेला. त्यावरून वजाबाकी निर्दोष आहे असे आम्ही ठरवून टाकले आणि पुढचे दोन दिवस फाइल वाचणारा भाग उकरत बसलो.

खरा प्रकार असा होता, की 'नग' हा चल अनसाइन्ड, म्हणजे उणे किंमत न घेणारा, म्हणून जाहीर केलेला होता. ३२ बिटांच्या अशा चलात शून्यातून एक वजा केला की उणे एक उरत नाही, ४,२९,४९,६७,२९५ उरतात. असा चल शून्यापेक्षा लहान आहे का, या प्रश्नाचे उत्तर सीच्या नियमानुसार कायम 'नाही' असेच येणार, आणि अट तपासताना डीबगर त्या भाषेचेच नियम पाळतो. अहवाल छापणारी ओळ मात्र तेच ३२ बिट चिन्ह असलेला पूर्णांक समजून वाचत होती, म्हणून कागदावर उणे १ उमटत होते. डीबगरने आम्ही विचारले तेवढ्याचे चोख उत्तर दिले होते. ब्रेकपॉइंट थांबला नाही, यावरून ती गोष्ट घडलीच नाही असे मानण्याचा अधिकार आम्हाला नव्हता, कारण ती घडली असती तर तो थांबला असता याची खातरजमा आम्ही कधी केलीच नव्हती.

अशी खातरजमा करायला फार वेळ लागत नाही. आधी अट न घालता ब्रेकपॉइंट लावून त्या ओळीपर्यंत प्रोग्राम पोहोचतो तरी का, हे पाहावे. तिथे थांबल्यावर अटीचे पद जसेच्या तसे डीबगरला छापायला सांगावे आणि येणारी किंमत डोळ्यांनी पाहावी. त्यानंतर पाच नोंदींची एक छोटी फाइल करून तिसरी नोंद मुद्दाम दोषी ठेवावी. ब्रेकपॉइंट तिसऱ्या नोंदीवर थांबला पाहिजे आणि उरलेल्या चारांवर थांबता कामा नये. आमच्या प्रसंगात ही फाइल केली असती, तर दोन दिवसांचे काम दहा मिनिटांत उरकले असते. जीडीबी या डीबगरमध्ये आणखी एक जुनी युक्ती आहे: ब्रेकपॉइंटला 'इग्नोर' आदेशाने एखादी प्रचंड संख्या द्यायची, प्रोग्राम कोसळेपर्यंत चालू द्यायचा आणि मग त्या ओळीवर किती वेळा येणे झाले तो आकडा ब्रेकपॉइंटच्या यादीत पाहायचा. पुढच्या वेळी एकाने कमी संख्या दिली, की कोसळण्याआधीच्या नेमक्या फेरीत थांबता येते, आणि तेही अट न लिहिता.

न थांबणाऱ्या ब्रेकपॉइंटइतकाच चुकीच्या वेळी थांबणाराही घातक असतो. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने पाचशेव्या फेरीत थांबण्यासाठी अटीत 'क्रमांक == ५००' ऐवजी 'क्रमांक = ५००' लिहिले. बरोबरचे चिन्ह एकदाच आल्याने ती तुलना राहिली नाही, चलाला किंमत देणे झाले. आणि दिलेली किंमत शून्य नसल्याने अट खरीही ठरली. प्रोग्राम पहिल्याच फेरीत थांबला. पडद्यावर क्रमांक ५०० दिसत होता, त्यामुळे आपण हव्या त्या जागी पोहोचलो अशी त्याची पक्की समजूत झाली, आणि पुढचा तासभर तो डीबगरने स्वतःच बिघडवलेल्या स्थितीचा अभ्यास करत राहिला. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टच्या डीबगरमध्येही हाच खड्डा आहे. अटीतून एखादे फंक्शन बोलावले आणि त्याने आतल्या आत काही बदलले, तर तेच होते, फक्त ते लक्षात यायला अधिक वेळ लागतो.

भाषेगणिक इतरही सापळे आहेत. जावामध्ये दोन स्ट्रिंग '==' ने ताडल्या तर मजकूर ताडला जात नाही, दोन्ही एकच वस्तू आहेत का एवढेच पाहिले जाते. संगणक दशांश अपूर्णांक सहसा द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्यात ते थोडे अदमासेच बसतात; म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे तशी अट मुकीच राहते. कंपायलरने, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, वेगासाठी कोडची फेरमांडणी केली असेल, तर अटीतला चल डीबगरला सापडेलच असे नाही. अट तपासतानाच चूक झाली, उदाहरणार्थ रिकाम्या पॉइंटरमधून (स्मृतीतला पत्ता ठेवणाऱ्या, पण कुठेच न दाखवणाऱ्या चलातून) वाचायचा प्रयत्न झाला, तर जीडीबी तसा संदेश देऊन थांबतो. पायथॉनचा डीबगरही अशा वेळी थांबणेच पसंत करतो. हे धोरण मला योग्य वाटते. शंका असताना गप्प पुढे जाणाऱ्या साधनापेक्षा नाहक थांबणारे साधन कधीही बरे.

अटीला वेळेचीही किंमत मोजावी लागते, हे नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही. इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरवर डीबगर त्या ओळीच्या पहिल्या सूचनेचा पहिला बाइट काढून तिथे सीसी हा एका बाइटचा सापळा ठेवतो. तो लागला की प्रोसेसर थबकतो, ताबा ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो, ती डीबगरला जागे करते, डीबगर प्रोग्रामची स्मृती वाचून अट तपासतो, आणि अट खोटी निघाली तर मूळ बाइट जागेवर ठेवून एक सूचना चालवतो, सापळा पुन्हा मांडतो आणि मग प्रोग्रामला सोडतो. अट खोटी ठरली तरी हा सगळा फेरा चुकत नाही. दहा लाख फेऱ्यांच्या लूपमध्ये प्रोग्राम गोगलगाय होतो, आणि दोन थ्रेडच्या (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) शर्यतीतून उद्भवणारा बग या मंदगतीमुळे नाहीसाही होऊ शकतो. अशा ठिकाणी अट तात्पुरती प्रोग्राममध्येच 'इफ' म्हणून लिहून तिच्या आत साधा ब्रेकपॉइंट लावणे वेगाच्या दृष्टीने फायद्याचे पडते. ती ओळ नंतर काढून टाकायची आठवण मात्र राहिली पाहिजे. माझ्याकडून ती एकदा राहिली नव्हती.

प्रोग्रामिंगच्या अभ्यासक्रमांत कोड लिहिण्यावर भर असतो आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत शेवटचे बरोबर उत्तर तेवढे उतरते. डीबगर प्रत्येकाने आपापला शिकावा असे गृहीत धरलेले असते. माझी सूचना अगदी साधी आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत एखादा प्रश्न असा ठेवावा, की विद्यार्थ्याला एक चालता प्रोग्राम आणि त्यावर लावलेला, पण कधीच न थांबणारा सशर्त ब्रेकपॉइंट द्यावा, आणि तो का थांबत नाही हे त्याच्याकडून लेखी मागावे. 'नग < ०' हे माझे उदाहरण त्यासाठी कोणीही खुशाल वापरावे.

आपला विश्वासू,
एक प्रोग्रामर वाचक