जुन्या गाडीच्या कर्जाआधीचा तपासणी अहवाल कर्जदाराच्या हाती द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कर्ज काढून घेतलेल्या जुन्या मोटारीचे इंजिन चार महिन्यांत निकामी झाल्याने गेले काही महिने आमच्या घरावर जो प्रसंग आला आहे, त्याविषयी आपल्या वृत्तपत्रामार्फत वाचकांशी, कर्ज देणाऱ्या संस्थांशी आणि परिवहन खात्याशी बोलावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गाडीच्या विक्रेत्याचे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे घेत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि मला जे म्हणायचे आहे ते एका दुकानापुरते नाही.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी करतो. आईला गुडघ्यांच्या उपचारांसाठी दर महिन्याला ठाण्याला न्यावे लागते आणि एसटीचा प्रवास तिला झेपेनासा झाला, म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही 2016 सालची एक डिझेल गाडी 4,85,000 रुपयांना घेतली. त्यापैकी 1,25,000 रुपये साठवलेले होते आणि उरलेल्या 3,60,000 रुपयांचे कर्ज काढले. व्याज वार्षिक 14.5 टक्के, मुदत 48 महिने आणि हप्ता 9,928 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला खात्यातून आपोआप वळता होणारा.

चौथा हप्ता गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात ठाण्याहून परतताना कसारा घाटाच्या चढावर गाडीची ताकद एकाएकी कमी झाली, गोडसर वास येऊ लागला आणि तापमानाची सुई लाल पट्ट्यात गेली. वळणावर थांबायला जागा नव्हती, म्हणून साधारण अर्धा किलोमीटर मी गाडी तशीच पुढे नेली. तेवढ्याने नुकसान वाढले असेल, हे मी आयोगापुढच्या तक्रारीतही लिहिले आहे. थांबलो तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती आणि एक्झॉस्टमधून दाट पांढरा धूर. भर दुपारी आई काठीवर दोन्ही हात टेकून कठड्याच्या कडेला दीड तास बसून होती. पुढे टोइंगच्या गाडीने आम्ही इगतपुरीमार्गे नाशिकला आलो.

सातपूरच्या ज्या मेस्त्रींकडे गाडी नेली, त्यांनी प्रथम ऑईलची कांडी ओढून माझ्यापुढे धरली. ऑईल काळे असायला हवे. ते दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे झाले होते, म्हणजे त्यात कूलंट, इंजिन थंड ठेवणारे द्रव, मिसळले होते. हेड, म्हणजे इंजिनावरचे धातूचे झाकण, उतरवल्यावर कारण उघड झाले. हेड आणि इंजिन यांच्यामधली फट बंद करणारे गॅस्केट त्या वयाच्या गाडीच्या मानाने अगदी नवे होते, त्याच्या कडेला सीलंटचा थर होता, बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या, आणि रेडिएटरच्या तळाशी गळती तात्पुरती बुजवण्यासाठी टाकतात त्या पावडरीचा तपकिरी चिखल साचला होता. मेस्त्री एवढेच म्हणाले, “दादा, हे हेड आधी एकदा उघडलेलं आहे, आणि फेसिंग न करताच परत बसवलंय.” फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणे. त्यांनी हेडवर स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, ठेवली आणि फिलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या साधनाच्या, पाती एकेक करून खाली सरकवून पाहिल्या. अशा हेडला साधारण 0.05 ते 0.10 मिलिमीटरपर्यंतचा बाक चालतो, येथे 0.20 मिलिमीटरची पात सहज आत गेली. रोज हेच गेज हाताळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

इंजिन एकदा जास्त तापले की ॲल्युमिनियमचे हेड वाकते, वाकलेल्या हेडखाली गॅस्केट धरत नाही, कूलंट ऑईलमध्ये उतरते, पातळ झालेल्या ऑईलने बेअरिंगना वंगण मिळत नाही आणि मग क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, ओरखडे येतात. हेड सपाट न करता नवे गॅस्केट लावले आणि रेडिएटरची गळती पावडरीने बुजवली, तर अशी गाडी शहरात दोन-तीन महिने निमूट चालते. गंगापूर रोडवरच्या चाचणी फेरीत तर काहीच कळत नाही. घाटाच्या चढावर मात्र ती उघडी पडते. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले. इंजिन पूर्ण बांधण्याचा खर्च मेस्त्रींनी 1,12,000 रुपये सांगितला. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अंदाज 1,90,000 रुपयांच्या पुढे होता.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा त्याने दोन कागद पुढे केले. एकावर “गाडी जशी आहे तशी पाहून घेतली” असे छापलेले होते आणि खाली माझी सही होती. दुसरी पैशांची पावती, तीही आधीच्या मालकाच्या नावाने. आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, इंजिनाबद्दल मूळ मालकाला विचारा, असे त्याचे म्हणणे होते. विमा कंपनीचे उत्तर एका ओळीचे होते: नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही. तो नियम मला माहीत होता, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

कर्ज देणाऱ्या संस्थेशी झालेले बोलणे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. गाडीची खरेदी आणि कर्ज हे दोन वेगळे करार आहेत, त्यामुळे गाडी बंद पडली तरी हप्ता थांबत नाही, हे त्यांनी सांगितले आणि ते मला मान्य आहे. चार हप्त्यांत मी 39,712 रुपये भरले होते. त्यातले मुद्दल फक्त 22,720 रुपये होते आणि 3,37,280 रुपये बाकी होते. आहे त्या अवस्थेत गाडीला 1,60,000 रुपयांच्या वर कोणी भाव दिला नाही. म्हणजे गाडी विकूनही कर्ज फिटत नव्हते, शिवाय आर.सी.वर कर्जाचा बोजा असल्यामुळे संस्थेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 मिळाल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढतही नाही.

याच संस्थेने कर्ज मंजूर करण्याआधी गाडीचे मूल्यांकन करून घेतले होते आणि त्याचे 590 रुपये माझ्याकडून घेतले होते. मूल्यांकन करणारे गृहस्थ आले तेव्हा मी तेथे हजर होतो. त्यांनी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, टायरचे, काचेचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढले, बॉनेट उघडून इंजिन क्रमांक पाहिला आणि बॉनेट बंद केले. ऑईलची कांडी त्यांनी ओढली नाही, रेडिएटरचे झाकण उघडले नाही. सारे काम दहा मिनिटांत झाले. गाडीचा तज्ज्ञ येऊन पाहून गेला, आता काळजी नाही, असे आम्ही घरी म्हणालो. त्या अहवालात इंजिनाविषयी काय लिहिले आहे हे पाहण्यासाठी मी प्रत मागितली, तेव्हा तो अहवाल संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी असतो, असे तोंडी उत्तर मिळाले.

माझी मुख्य मागणी येथेच आहे. आमच्या कारखान्यात शंभर रुपयांच्या बुशिंगची पेटीसुद्धा तपासणी अहवालाशिवाय आत घेतली जात नाही, आणि ज्याने माल घेतला त्याला तो अहवाल वाचता येतो. जुन्या गाडीच्या कर्जात तपासणीचे पैसे कर्जदार देतो, गाडी तो वापरतो, चार वर्षे हप्ते तोच भरतो, आणि अहवाल तेवढा त्याला मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्ज देताना सर्व शुल्कांसह कर्जाची मुख्य माहिती सांगणारे पत्रक कर्जदाराला द्यावे लागते. मूल्यांकनाचे शुल्क त्यात दाखवायचे असते, तर त्या शुल्काच्या बदल्यात तयार झालेला अहवालही पत्रकासोबत, आणि पैसे विक्रेत्याच्या खात्यात जाण्यापूर्वी, कर्जदाराला मिळायला हवा. त्या अहवालात कंप्रेशन टेस्ट (इंजिनाच्या सिलिंडरमधील दाबाची मोजणी), रेडिएटरची दाब चाचणी आणि ऑईलची अवस्था या तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात. ही कामे कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये तासा-दोन तासांत होतात. त्यासाठी दोन-तीन हजार रुपये जास्त मोजावे लागले असते, तरी मी ते आनंदाने दिले असते. यात संस्थेचाही तोटा नाही, कारण ज्या गाडीवर तिचे कर्ज सुरक्षित राहायचे, ती गाडी चालण्याजोगी असणे तिलाही हवेच असते.

दुसरी मागणी परिवहन खात्याकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर 2022 मध्ये झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तिच्यानुसार नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला प्राधिकारपत्र घ्यावे लागते, मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की तशी सूचना फॉर्म 29सी मधून द्यायची असते, आणि त्यानंतर गाडी ताब्यात असेपर्यंत विक्रेताच तिचा मालक मानला जातो. मला मिळालेले “आम्ही केवळ मध्यस्थ” हे उत्तर या नियमापुढे टिकत नाही. प्रत्यक्षात मात्र खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी सोडून मालकाच्या सह्या असलेले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30 दुकानाच्या खणात पडून असतात, आणि त्यांच्या आधारे गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयाने नाशिकमधील प्राधिकारपत्रधारक विक्रेत्यांची यादी कार्यालयाच्या फलकावर लावावी, आणि कर्ज देणाऱ्या संस्थांनी प्राधिकारपत्राची प्रत घेतल्याशिवाय विक्रेत्याला पैसे देऊ नयेत, एवढे झाले तरी पुष्कळ फरक पडेल.

ज्या वाचकांवर हीच वेळ आली असेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या काही गोष्टी लिहितो. राग आला म्हणून हप्ता बंद करू नये; चेक बाउन्सचा दंड आणि सिबिलवरचा डाग आपल्यालाच भोवतो, आणि गाडी ओढून नेऊन लिलावात विकली तरी उरलेली रक्कम आपल्याच डोक्यावर राहते. अडचण असेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी लेखी करावी. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलेले आहे. इंजिन उघडण्यापूर्वी विक्रेत्याला स्पीड पोस्टाने कळवून हजर राहण्यास सांगावे. ते मी केले नाही, आधी हेड उतरवले, आणि आता विक्रेता म्हणतो की गॅस्केट कोणी बदलले याचा पुरावा काय. सुदैवाने मेस्त्रींनी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले होते आणि जुने गॅस्केट व ऑईलचा नमुना जपून ठेवला होता. स्वस्तात जुने इंजिन बसवून देतो असे सांगणारेही भेटतात; पण इंजिनाचा क्रमांक बदलला की आर.सी.वर तशी नोंद करावी लागते, आणि माझ्या कर्जाच्या करारात त्यासाठी संस्थेची लेखी संमती लागेल असे कलम होते. ते इंजिन कुठून आले हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

“जशी आहे तशी” या शब्दांखाली सही केली म्हणून सारे संपले, असेही समजू नये. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 17 नुसार माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर लपवणे ही फसवणूक ठरते, आणि सीलंट व पावडर यांनी दोष झाकणे यात मोडते, असे माझे म्हणणे आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सुरुवातीला कुठे विचारायचे हे सुचत नसेल, तर 1915 या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे.

सोसायटीच्या पतपेढीतून उचल घेऊन आणि पत्नीच्या दोन बांगड्या तारण ठेवून आम्ही इंजिन बांधून घेतले. गाडी आता चालते, आणि आईला महिन्याला ठाण्याला नेता येते. ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. फोटो, जुने गॅस्केट आणि मेस्त्रींचे सही केलेले निवेदन तिला जोडले आहे. मूल्यांकन अहवालाच्या प्रतीसाठी कर्ज देणाऱ्या संस्थेला दुसरे लेखी पत्र गेल्या सोमवारी दिले असून त्याची पोच माझ्याकडे आहे. त्याचे उत्तर आले की आपणांस अवश्य कळवीन.

आपला विश्वासू,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक