कोकणातील आडवाटांविषयी लिहिताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून कोकणातील अपरिचित किनाऱ्यांविषयीचे लेख येऊ लागतात. आपल्या पुरवणीतील असे लेख मी आवडीने वाचतो. अलिबाग, गणपतीपुळे आणि मालवण यांच्यापलीकडेही कोकण आहे हे लोकांना कळावे, असे आम्हा किनारपट्टीवरच्या रहिवाशांनाही मनापासून वाटते. मात्र अशा बहुतेक लेखांत गावाचे नाव, मुंबई-पुण्याहून अंतर आणि एक देखणे छायाचित्र एवढेच असते; तेथे कोणत्या दिवसांत यावे, कसे यावे आणि आल्यावर कोणाला विचारावे, हे क्वचितच सापडते. परिणामी शनिवार-रविवारी गाड्या थेट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर उतरतात, घटकाभर छायाचित्रे काढून मंडळी पुढच्या ‘अपरिचित’ ठिकाणाकडे निघतात आणि गावाच्या वाट्याला केवळ कचरा उरतो.

राजापूर तालुक्यातील कशेळीचे उदाहरण घेतो. कनकादित्याच्या मंदिरामुळे हे गाव भाविकांना पूर्वीपासून ठाऊक आहे; अलीकडे ते सड्यावरील, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरील, कातळशिल्पामुळे चर्चेत आले. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकण व गोव्यातील नऊ ठिकाणची कातळशिल्पे समाविष्ट झाली, त्यांत उक्षी, जांभरुण, देवीहसोळ यांच्याबरोबर कशेळीही आहे. येथे जांभ्याच्या सपाट कातळावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला असून त्याच्या देहात मासे, पक्षी आणि इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती सामावलेल्या आहेत. भर दुपारी पोहोचलेल्या पाहुण्याला मात्र काळवंडलेला खडक आणि चार रेघा याखेरीज काही दिसत नाही, आणि तो हिरमुसून परततो. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर गेले, तर तिरप्या उन्हात प्रत्येक रेघेच्या कडेला सावली धरते आणि आधी पाय, मग सोंड, मग पोटातला एखादा मासा अशी एकेक आकृती उलगडत जाते. गावात थांबून विचारले तर हे कोणीही सांगेल. रेघांवर पाय देऊ नका, त्या खडूने किंवा चुन्याने भरू नका, हेही तोच सांगेल. कारण जांभा दिसायला कठीण असला तरी बुटांखाली झिजतो, आणि एकदा बुजलेली रेघ पुन्हा कोरता येत नाही.

स्थानिकांसारखा प्रवास करायचा म्हणजे हाल सोसायचे, असा एक समज आहे आणि तो मला मान्य नाही. तालुक्याच्या एसटी स्थानकावर चौकशीच्या खिडकीशी उभे राहिले, की वस्तीची गाडी किती वाजता सुटते, कोणत्या फाट्यावर उतरायचे आणि तेथून पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट) कोठे उतरते, हे सारे पाच मिनिटांत कळते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे सहकुटुंब प्रवासही स्वस्त पडतो. दिवा-सावंतवाडी रेल्वेगाडी लहान स्थानकांवरही थांबते. शिवाय सावित्रीच्या खाडीवर बागमांडला-वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे आणि शास्त्रीवर जयगड-तवसाळ अशा फेरीबोटी आहेत, ज्या महामार्गाचा वळसा वाचवतात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ देतात. या बोटीत बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बाया असतात, मासळीच्या टोपल्या असतात, शाळा-कॉलेजची मुले असतात. पलीकडच्या गावात घरगुती जेवण कोण देते, याची खात्रीची माहिती मला नेहमी तेथेच मिळाली आहे.

हंगामाचा प्रश्न याहून नाजूक आहे. बहुतेक पाहुणे मे महिन्यात येतात, आणि नेमके तेव्हाच आमच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असला तरी उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र असल्याने पाणी फार काळ टिकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्या घरी घागरीच्या हिशेबाने पाणी वापरले जाते, त्याच घरी उतरलेल्या पाहुण्यांनी न्हाणीघरात नळ मोकळा सोडला, तर यजमान संकोचाने बोलत नाही, परंतु संध्याकाळी त्याच्या घरची बाई दूरच्या विहिरीवर जाते. हे लेखांत लिहिलेच पाहिजे. आंबे-फणसासाठी मे महिना हवाच असेल तर अवश्य यावे. पण भातकापणीचे दिवस, कार्तिकापासून सुरू होणाऱ्या सिंधुदुर्गातील जत्रा व त्यांतील रात्रभर चालणारे दशावतार, किंवा रत्नागिरीकडे घरोघरी पालखी नेणारा शिमगा, यांचे दिवसही वाचकांना सांगावेत. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह न धरता कुळथाची पिठी आणि भात आनंदाने खावा.

पाहुणे आणि गाव यांचे नीट जमू शकते, हे मंडणगड तालुक्यातील वेळासने दाखवून दिले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तेथे समुद्री कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, पुढे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्याचा कासव महोत्सव उभा राहिला आणि गावातील घरांनी पाहुण्यांना जेवू-राहू घातले. पिल्ले मात्र घरट्यातून स्वतःच्या वेळेनेच बाहेर पडतात. एखाद्या दिवशी एकही दिसत नाही, आणि तेवढ्यावरून गावकऱ्यांशी हुज्जत घालणे गैर आहे.

माझी विनंती अशी, की अशा प्रत्येक लेखासोबत एक चौकट छापावी: तालुक्याहून सुटणाऱ्या एसटीची वेळ, शेवटची फेरीबोट, त्या महिन्यातील पाण्याची स्थिती, आणि चौकशीसाठी ग्रामपंचायतीचा क्रमांक. ज्या गावाने आपले नाव छापू नका असे सांगितले असेल, त्याचे नाव वगळावे. ग्रामपंचायतींनीही पुळणीकडे उतरणाऱ्या वाटेवर जांभ्याचे चिरे लावून वाहने वरच थांबवावीत आणि वाहनतळाचे शुल्क सफाईसाठी खर्च करावे. राजापूर तालुक्यातील गाड्यांच्या वेळा आणि मुक्कामाची घरे यांची माहिती स्थानकावर व गावोगावी विचारून, घरमालकांच्या संमतीने, मी आपल्याकडे लिहून पाठवण्यास तयार आहे.

आपला,
एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)