उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

गाडीचा डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, वॉरंटीत बदलून मिळाला, हे तुम्हाला फोनवर सांगितलंच. पण तुम्ही "बरं झालं ताई" एवढं म्हणून दुसऱ्या गाडीखाली गेलात आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते आता लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. सस्पेन्शनच्या आवाजावरून सर्व्हिस सेंटरशी भांडून दमलेली माणसं माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत. तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. शोरूमचं आणि कंपनीचंही लिहीत नाही.

पहिली गोष्ट जी मी विसरणार नाही ती ही, की मी तुमच्याकडे काम करून घ्यायला आले होते आणि तुम्ही ते काम घेतलं नाहीत. शोरूमचं एस्टिमेट माझ्या हातात होतं. आर्म, बुश, लिंक रॉड, मजुरी, वर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), असं सगळं मिळून चौदा हजारांच्या वर. तेच तुमच्याकडे निम्म्यात झालं असतं आणि मी आनंदानं पैसे मोजून गेले असते. तुम्ही एस्टिमेट वाचलंत, गाडी किती जुनी आहे विचारलंत आणि म्हणालात, "ताई, वॉरंटी अजून महिनाभर आहे. मी नटाला पाना लावला की ते म्हणणार, बाहेर खोललंय. आधी त्यांच्याकडून लेखी घ्या, मग बघू." उद्यमनगरात सकाळी शटर उघडून संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाची वाट बघणारा माणूस समोर आलेलं काम असं परत पाठवतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आवाज कधीपासून होता ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या आधीपासून गतिरोधकावरून सावकाश गाडी उतरवली की पुढून डाव्या बाजूला कट् असं वाजायचं. दर वेळी सांगितलं आणि दर वेळी उत्तर तेच, "मॅडम, आपल्याकडचे रस्ते बघताय ना." माझं माहेर वैभववाडीकडचं. गगनबावड्याहून घाट उतरताना वळणावर ब्रेक लावला की तो आवाज पायाखाली जाणवायचा, आणि मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलगी असायच्या. रस्ते खराब आहेत हे मलाही दिसतं. पण खराब रस्त्यांसाठीच तर सस्पेन्शन असतं, आणि ही गाडी कोल्हापुरातच विकली होती.

पुढे डाव्या टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झालेली टायरवाल्यानं दाखवली. त्यानं अलाइनमेंट करून दिलं. तेच नंतर शोरूमला आयतं कारण मिळालं. आधी म्हणाले, हा वेअर अँड टेअरचा, म्हणजे वापरानं झिजणारा, पार्ट आहे, वॉरंटीत बसत नाही. मी हटले नाही तेव्हा म्हणाले, तुम्ही बाहेर अलाइनमेंट केलंत, त्यामुळे वॉरंटीच बाद झाली. यातलं एक वाक्यही त्यांनी कागदावर लिहून दिलं नव्हतं, आणि हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुम्ही गाडी जॅकवर घेतलीत, खाली स्टँड लावलात आणि मला वाकून बघायला बोलावलंत. चाक वर-खाली धरून हलवलंत, तेव्हा मला काहीच कळलं नाही. मग तुम्ही पोराला चाक हलवायला सांगितलंत आणि माझं बोट बॉल जॉइंटवर, म्हणजे तो आर्म चाकाला जिथं जोडलेला असतो त्या सांध्यावर, ठेवायला लावलंत. बोटाखाली बारीकशी ठोक लागली. चाक हललं की ठोक, हललं की ठोक. तोच आवाज मी दोन वर्षं कानानं ऐकत होते. मग उजव्या बाजूला नेऊन तिथंही बोट ठेवायला लावलंत, तर तिथं काहीच नाही. जॉइंट गच्च.

मी लगेच म्हटलं, झालं मग, रस्ता एकच, गाडी एकच, मग डावाच कसा गेला? तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. म्हणालात, एवढ्यावर भांडायला जाऊ नका. डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात, खड्डेही कडेलाच जास्त असतात, डावी बाजू आधी जाते हे खरंच आहे, आणि ते हेच सांगतील. काका, या एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही माझी बाजू फुगवली नाहीत. समोरचा काय म्हणेल ते आधी तुम्हीच म्हणून दाखवलंत आणि त्यावरचं उत्तर गाडीत शोधलंत.

आणि ते सापडलं. बॉल जॉइंटवर रबराचा बूट असतो, आतलं ग्रीस राखायला आणि पाणी-माती बाहेर ठेवायला. तो बूट एका गोल क्लिपनं खाचेत बसवलेला असतो. उजव्या बाजूला क्लिप खाचेत बसलेली होती. डाव्या बाजूची क्लिप एका अंगाला खाचेच्या वर चढलेली होती, आणि तिथूनच आत पाणी शिरलं होतं. तुम्ही बॅटरीच्या उजेडात ती फट दाखवलीत. ग्रीसच्या जागी तांबूस चिखल होता. रबर कुठं फाटलेलं नव्हतं, आर्मला पोचा नव्हता, रिमला मार नव्हता. "दगड लागला असता तर खूण राहिली असती," तुम्ही म्हणालात. "हा बूट पहिल्यापासूनच नीट बसलेला नाही. जॉइंट झिजलाय हे खरं, पण का झिजलाय ते महत्त्वाचं."

सगळा वाद या 'का'वरच होता. रबरी बुश लाखभर किलोमीटर चालून चिरला तर ती झीज, आणि तिचा खर्च गाडीवाल्यानं करायचा, यात माझी काही तक्रार नाही. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट यांचंही तेच. शॉकअबवर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर) तेलाचा नुसता ओलसर थर दिसला म्हणून कोणी नवा मागू नये, हेही तुम्हीच सांगितलंत. थेंब ओघळू लागले तर ती गळती, आणि ती मात्र दाखवायची. पण बसवतानाच चुकलेल्या भागामुळे शेजारचा भाग झिजला, तर त्याला रोजच्या वापराची झीज म्हणायचं नाही. शोरूमचा शब्द एकच, वेअर अँड टेअर, आणि त्याखाली सगळंच झाकलं जातं. तुम्ही तो शब्द उचलून खाली काय आहे ते मला दाखवलंत.

मग कागद. बँकेत काम करून मी कागदाला घाबरत नाही, पण गाडीचे कागद कसे वाचायचे ते मला तुमच्याकडून कळलं. मी आणलेली फाइल तुम्ही हात पुसून, चष्मा लावून पानापानानं बघितलीत. सगळ्या जॉब कार्डांवर, म्हणजे गाडी सर्व्हिसिंगला देताना शोरूम करतं त्या कामाच्या नोंदीच्या कागदांवर, 'जनरल चेकअप' असंच लिहिलेलं होतं. फक्त दुसऱ्या सर्व्हिसच्या कार्डावर कोपऱ्यात 'फ्रंट एलएच नॉइज चेक' (पुढचा डावीकडचा आवाज तपासा) असं पेननं लिहून पुढे 'ओके' केलेलं होतं. तुम्ही त्यावर बोट ठेवून म्हणालात, "हे सोनं आहे. तारीख आहे, किलोमीटर आहे, डावी बाजू आहे." बाहेरच्या अलाइनमेंटच्या कितीतरी आधीची ती नोंद होती. अलाइनमेंटमुळे बिघडलं हा मुद्दा तिथंच संपला.

त्या दिवशी तुम्ही सांगितलेलं मी आता ओळखीत सगळ्यांना सांगते. गाडी देताना तक्रार आपल्या शब्दांत जॉब कार्डावर लिहून घ्यायची: कुठून, कधी, किती वेगाला. नुसतं 'आवाज येतो' नाही. टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवायचा. गेट पासच्या वेळी समाधानाच्या कागदावर सही मागतात, तिथे आवाज गेला नसेल तर सहीच्या वर हातानं 'तक्रार कायम आहे' असं लिहायचं. आणि नाही म्हणाले तर भांडायचं नाही, वॉरंटी पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाखाली नाही, ते ईमेलवर मागायचं. मी वॉरंटी संपायच्या आत तो ईमेल केला, कंपनीच्या कस्टमर केअरला आणि शोरूमला एकदमच, तुम्ही काढलेले फोटो आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो जोडून. तुमच्या लेटरहेडवर तुम्ही चार ओळी लिहून दिल्यात, त्यात 'फक्त तपासणी केली, कोणताही भाग उघडलेला नाही' हे पहिलं वाक्य होतं. तपासणीचे पैसे विचारले तर तुम्ही हात हलवलात.

तुमच्या गॅरेजमध्ये लॅमिनेट केलेलं एक कात्रण लावलेलं आहे, ते मी त्या दिवशी उभ्या उभ्या वाचलं. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, त्याची ती बातमी. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याबद्दलचा तो निकाल. दंडावरून पुढे अपिलं झाली, पण त्या आदेशात आयोगानं म्हटलेली एक गोष्ट माझ्या कामाची होती: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. ही ओळ मी ईमेलात घातली. त्यानंतर 'वॉरंटी बाद' हा शब्द शोरूमकडून परत आला नाही.

नोटिशीचा मसुदाही मी तयार ठेवला होता. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठं आहे ते बघत बसावं लागत नाही. माझ्यासारख्या पाच ते दहा लाखांच्या गाडीला फी २०० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवली होती. आयोगापर्यंत जावं लागलं नाही, पण जायची तयारी आहे हे पत्रातून दिसत होतं, आणि त्याचा उपयोग झाला असं माझं मत आहे.

आता त्या दिवसाबद्दल. कंपनीचे एरिया सर्व्हिस मॅनेजर गाडी बघायला येणार, असा फोन आला तेव्हा मी तुम्हाला फक्त कळवलं होतं. या असं म्हणायची माझी हिंमत नव्हती, कारण कामाचा दिवस होता. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गॅरेज पोरावर सोपवून दहाच्या ठोक्याला शोरूमच्या दारात उभे होतात. आधी त्यांनी तुम्हाला वर्कशॉपमध्ये सोडायलाच नकार दिला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "मी हात लावणार नाही, नुसता उभा राहतो," एवढंच म्हणालात. आणि गाडी लिफ्टवर गेल्यावर तुम्ही साहेबांना "साहेब, उजवी क्लिप बघा आणि मग डावी बघा," असं एकच वाक्य सांगितलंत. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला आणि सर्व्हिस अॅडव्हायझरला म्हणाले, क्लेम टाका.

त्या अॅडव्हायझर मुलाबद्दलही लिहायला हवं. गाडी घेऊन निघताना तो हळूच म्हणाला की क्लेम नामंजूर झाला तर वरून त्यालाच विचारतात, म्हणून सगळे आधी नाहीच म्हणतात. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो या पद्धतीवर, जिथे खरं बोलायची भीती सगळ्यात खालच्या माणसाला वाटते.

टायर मात्र मिळाला नाही. तो टायर कंपनीचा विषय असं म्हणून त्यांनी हात वर केले. जॉइंट ढिला होता म्हणूनच टायर एका कडेनं गेला, तेव्हा तो त्यांनीच द्यायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं. तुम्ही म्हणालात, मूळ काम झालं, आता सोडा. तुमच्या शब्दाखातर सोडलं, पण पटलेलं नाही हे तुम्हाला सांगून ठेवते.

काका, बॉल जॉइंट पूर्ण निसटला तर चाक आत दुमडतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं, हे तुम्ही मला सगळं मिटल्यावर सांगितलंत. आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणालात, "घाबरून घाईनं काम करून घेतलं असतं तुम्ही. म्हणून घाटात नेऊ नका एवढंच सांगितलं होतं." तेव्हा मला तुमचं ते दर दोन दिवसांनी 'गाडी गावातच आहे ना' असं विचारणं उमगलं. आमच्या घरातल्या चार माणसांची काळजी तुम्ही वाहत होतात, आणि आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती. सासूबाईंनी तुमच्यासाठी कोकमं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलं आहे. ते नाही म्हणू नका, त्यांना वाईट वाटेल.

आणि एक विनंती. माझ्या बँकेतल्या एका मैत्रिणीच्या गाडीला असाच आवाज आहे, वॉरंटीचे अजून काही महिने बाकी आहेत. ती सोमवारी तुमच्याकडे येईल, जॉब कार्डांची फाइल घेऊन. तिच्याकडून तपासणीचे पैसे घ्या. तुमचा वेळही कामच आहे, आणि ती द्यायचेच म्हणून येणार आहे, मी तसं तिला सांगितलं आहे.

तुमची कृतज्ञ,
पांढऱ्या गाडीवाल्या ताई
कोल्हापूर