काकू, तुम्ही कात्री हातात घेतली नाहीत त्याबद्दल

ती. स्व. काकूंना,
शि. सा. न. वि. वि.

वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर पत्र पाठवायचं म्हणजे जरा विनोदच आहे. पण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "थांब, चहा टाकते" म्हणून उठता आणि विषय तिथेच बारगळतो. शिवाय हे चार लोकांनी वाचावं असं मला वाटतं. परवा जनकगंजातल्या एका मुंजीत दोघा-तिघांनी विचारलं, कुर्ता कुठून घेतला? म्हटलं, घरी शिवलाय. "वहिनींनी?" "नाही, मी." मग जो हशा पिकला त्यात शिवायला तुम्ही शिकवलंत, हे सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे सगळ्यांसमोर.

ग्वाल्हेरचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सूर्य रोहिणीत शिरला की २५ मेच्या सुमारास नौतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो आणि भरदुपारी तापलेल्या वाऱ्याची लू अशी अंगावर येते की स्कूटरवर डोळे उघडे ठेवणं मुश्कील. माझं काम हिशेबाचं. दाल बाजार, नया बाजार करत दुकानादुकानांतून बिलं गोळा करायची आणि घरी येऊन विवरणपत्रं भरायची. अंगात तयार शर्ट. त्याच्या कॉलरमध्ये बक्रमचं ताठ अस्तर, खांद्यावर कापडाचे दोन थर, काखेत आवळलेला मुंढा (बाही जोडायचा गोल), आणि आतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं निम्मं पॉलिस्टर. संध्याकाळपर्यंत मानेवर घामोळं. बायको म्हणायची बनियन घालून बस. घरी बसेन, पण व्यापाऱ्यांपुढे कसा जाऊ?

म्हणून मी तुमच्याकडे आलो होतो ते एक सैल कुर्ता शिवून द्याल का, हे विचारायला. सगळ्या वाड्याची झबली-टोपडी, परकर, पोलकी तुमच्या हातची. तुम्ही सांगितलंत, "आता मी कुणाचं शिवत नाही. मशीन आहे, शीव हवं तर." मी ते सौम्य नकार म्हणून घेतलं आणि हसलो. तुम्ही हसला नाहीत. मशीनवरची चादर काढून बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "आधी पट्टा आवळून घे."

ती काळी पायमशीन, जिच्यावरची सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसली गेली आहे, तिच्याशी माझी ओळख अशी झाली. चामड्याचा पट्टा सैल पडला होता. तो थोडा कापून आकड्यात पुन्हा अडकवायचा. तेल मशीनचंच घालायचं, खोबरेल नाही, ते थंडीत गोठतं आणि सगळं चिकट करून ठेवतं. मग वहीचं रेघांचं पान घेऊन, दोरा न ओवता, नुसत्या सुईने रेघेवरून भोकं पाडत जायचं. चाक उलटं फिरलं तर दोरा तुटतो, म्हणून सुरुवात हाताने चाक आपल्याकडे फिरवून. एवढं सांगून तुम्ही भाजी निवडायला गेलात. मी जुन्या हिशेबवहीची पानंच्या पानं टोचून काढली. पाय आणि हात एका लयीत यायला लागले तेव्हा तुम्ही आतूनच, नुसत्या आवाजावरून म्हणालात, "आता दोरा ओव." मशीनकडे न बघता हे कसं कळलं, ते मला अजून कोडं आहे.

मोबाईलवर शिवणाचे व्हिडिओ मीही पाहिले होते. त्यातली प्रत्येक बाई छातीला चाराने भागते, गळ्यासाठी बाराने भागते, त्यात कुठे अर्धा मिळवते, कुठे पाऊण वजा करते. हिशेबाचं काम करणाऱ्या माणसालाही त्यात घेरी यावी. तुम्ही विचारलंत, "झबलं पाहिलंयस ना? त्याला मुंढा असतो का?" नसतो. तान्ह्या बाळाच्या अंगाला काही म्हणता काही टोचू नये म्हणून खांद्यावर शिवणसुद्धा नसते. कापड खांद्यावर दुमडलेलं, बाही अंगातूनच निघालेली. "मग तुझं मोठं झबलं कर. तुला काय मुंजीत मिरवायचंय?" (मिरवलं, काकू. वर लिहिलंच आहे.)

मग कापड. तुमची एकच अट होती, ते खरंखुरं सुती हवं. महाराज बाडा चौकाजवळच्या दुकानातून मी मोठ्या ऐटीत एक कापड आणलं, दुकानदार शंभर टक्के कॉटन म्हणाला होता. तुम्ही कडेचे दोन धागे ओढलेत, चिमट्यात धरलेत आणि निरांजनाच्या ज्योतीवर नेलेत. सूत जळतं ते कागदासारखं, त्याची राख बोटावर घेतली तर विरून जाते. हा धागा आधी आक्रसला, मग वितळला आणि त्याच्या टोकाला काळा टणक मणी तयार झाला. तो मणी तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात, काही न बोलता. पुढे मी वाचलं की सूत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा हवेतूनच धरतं आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही, म्हणून घाम त्यात शिरत नाही, अंगावरच चिकचिकत राहतो. तुम्हाला टक्केवारी लागली नाही.

दुसरं कापड मी खादी संघातून आणलं. तिरंगा बनवणारी संस्था आपल्या गावात आहे आणि तिथून मी आजवर एक रुमालही घेतला नव्हता. हातमागाची पातळ खादी, पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच, लांबी अडीच मीटर. मला लगेच कापायची घाई आणि तुम्ही ते बादलीत बुडवलंत. रात्रभर. विणताना धागे ताणलेले असतात, वर खळ दिलेली असते. पाण्यात खळ सुटते आणि धागे आपल्या मूळ जागी येतात. सकाळी पाणी गढूळ झालं होतं आणि वाळल्यावर कापड लांबीला जवळजवळ चार इंच आटलं होतं. हे चार इंच शिवल्यानंतर आटले असते तर कुर्ता गुडघ्यावरून वर चढला असता. खरं तर तयार कपडा पहिल्या धुण्यानंतर अंगाला का येत नाही, याचं अर्धं उत्तर त्या बादलीत होतं.

बेतण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळी गंमत आहे आणि कुणाला करून पाहायचं असेल तर उपयोगी पडेल.

माझी छाती ४०. शर्टाच्या हिशेबाने त्यात चार इंच सैल देतात. तुम्ही दहा दिलेत. म्हणजे घेर ५०, पुढे २५, मागे २५. पन्हा ४४ चा, मधले २५ अंगाला गेले की दोन्ही बाजूंना साडेनऊ-साडेनऊ इंच उरतात, आणि ती झाली बाही. बरोबर कोपरापर्यंत, कुठेही जोड नाही. कापडाचे काठच बाहीच्या तोंडाशी आले, म्हणजे तिथे दुमडायचंही काम नाही. मी म्हटलं, बास, अर्ध्या बाहीचा होऊ दे, उन्हाळाच आहे. तुम्ही कपाळाला हात लावलात. "उघड्या हातालाच लू लागते रे. मनगटापर्यंत कर."

हे मला आधी उलटंच वाटलं होतं. पण विचार केला तर सरळ आहे. आपली त्वचा असते पस्तिसाच्या आसपास, आणि वारा असतो ४४ चा. असा वारा उघड्या अंगाला गार करत नाही, तापवतो. घामही झपाट्याने उडून जातो. सैल बाही म्हणजे हाताला सावली, आणि आत थोडी हवा खेळती. दादरच्या माझ्या मावसभावाला हे पटत नाही. तो म्हणतो बिनबाह्याचं घालावं, आणि त्याच्या दमट हवेत त्याचं बरोबरच आहे. तिथे घाम वाळतच नाही, मग जेवढं अंग उघडं तेवढं बरं. आपल्याकडचं गणित निराळं.

बाही वाढवायला कापड कुठून आणायचं? बाहीखालून बाजूला निघालेल्या साडेनऊ इंची पट्ट्या होत्याच. त्यातून बाहीचे जोड निघाले, दोन खिसे निघाले आणि चौबगले निघाले. चौबगला हा प्रकार मला ठाऊकच नव्हता. काखेत बसवायचा चौकोनी तुकडा, चार-पाच इंचांचा, कर्णावर फिरवून लावायचा. तो नसला तर हात वर केला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो. तो असला की काखेत कापड उरेब, म्हणजे तिरपं, पडतं, आणि उरेब कापड ताण देतं. सरळ धाग्याला ताण नाही, तिरप्याला आहे, हे तुम्ही रुमालाचे आधी समोरासमोरचे काठ आणि मग समोरासमोरचे कोपरे ओढून दाखवलंत. गळ्यालाही त्याचसाठी उरेब पट्टी लावायची, ती गोलाईवर मुकाट वळते. गळा आधी लहान कापायचा, डोकं जेमतेम जाईल इतकाच. मोठा केव्हाही करता येतो. शेवटी कापडातून उरलं काय, तर मूठभर चिंध्या. त्यासुद्धा तुम्ही उशीत भरायला ठेवून घेतल्यात.

शिवणीत तुम्ही मला सगळ्यात जास्त छळलंत. मी बाजूची टीप मारून दाखवायला आणली की तुम्ही डोळ्यांनी बघायचाच नाहीत, मोतीबिंदूनंतर कशाला उगाच ताण द्या म्हणून. कुर्ता उलटा करून आत हात घालायचा आणि शिवणीवरून बोट फिरवायचं. "इथे टोचतंय. उसव." आणि आत निघून जायचं. कापलेले काठ आत मोकळे राहिले की घामात ते अंगाला घासतात, म्हणून फ्रेंच शिवण. आधी सुलट्या बाजूने पाव इंचावर टीप, मग काठ बारीक कातरायचे, कापड पलटायचं, शिवण नखाने दाबून बसवायची आणि आता आतून दुसरी टीप, म्हणजे कापलेला काठ नळीत बंद. वेळ दुप्पट लागतो. दुकानात कुणी हे करून देणार नाही, दिलं तर परवडणार नाही. मशीनमध्ये १६ नंबरची सुई होती, ती काढून ११ ची लावायला सांगितलीत, कारण पातळ कापडाला जाड सुई भोकं पाडते. जाड सुती असेल तर १४. या सुया पाचाच्या पुडीत मिळतात, स्वस्त असतात, आणि निम्म्या तक्रारी त्या बदलल्या की जातात.

पायजम्याचं फार लिहीत नाही. नेफा, नाडी, दोन पाय आणि मधे आसनाचा तुकडा, झालं. फक्त एक गोष्ट: कमरेखालचं माप तुम्ही मला स्टुलावर बसवून घ्यायला लावलंत. माणूस बसला की पसरतो, आणि मी दिवसभर बसलेलाच असतो. आजवर माझं माप घेणाऱ्या प्रत्येक दुकानाने मला सावधान उभं केलं होतं.

आता मुख्य मुद्दा. मला अनेकदा वाटलं की काकूंनी दहा मिनिटं मशीनवर बसावं आणि चौबगला लावून टाकावा. तुमच्या हातांनाही तसं वाटत असणार, कारण मी कोपऱ्यावर अडखळलो की तुमची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करायची. तरी तुम्ही कात्रीला हात लावला नाहीत, एक टाका घातला नाहीत. कौतुकही केलं नाहीत, ते जरा करायला हरकत नव्हती. पण एकदा जरी तुम्ही हातातून काम काढून घेतलं असतंत, तर तो एक कुर्ता लवकर झाला असता आणि पुढचा झाला नसता. आता कपाटात या उन्हाळ्याला पुरतील एवढे कुर्ते आहेत, मानेवर घामोळं नाही, आणि बायकोने दोन्ही बाजूंना खिसे असलेला पंजाबी ड्रेस मागितला आहे. तिच्या तयार ड्रेसला खिसा नसतो, याचा राग तिने इतकी वर्षं कुणावर काढला नव्हता, आता माझ्यावर काढते.

एका बाबतीत माझं तुमच्याशी पटलेलं नाही, तेही लिहून टाकतो. खालची दुमड हातानेच घालावी हा तुमचा आग्रह. मी मशीनने घालतो, चालते. तुम्ही बोट फिरवून ओळखता, पण तुमच्याखेरीज कुणी ओळखत नाही.

आणि हो, काम. तुमच्यासाठी मलमलचे दोन सैल झगे बेतायला घेतले आहेत. कापड भिजवून, वाळवून ठेवलं आहे, एका धाग्याला ज्योतही दाखवली आहे. खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप हवंय आणि बसून घेतलेलं कमरेखालचं. उद्या दुपारी येतो. मला आता काय करायचेत नवीन कपडे, असं म्हणू नका. ११ नंबरच्या सुया संपल्या आहेत, त्या येताना आणतो. पट्टा पुन्हा सैल पडलाय, तोही बघून टाकू.

आपला,
वरच्या मजल्यावरचा