पैसे भरण्याआधी एवढं वाच

जामसंडे, १२ मार्च

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार.

नीरजच्या ऑटिझमसाठी त्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, टोचणाऱ्यांकडे पुढच्या आठवड्यात ॲडव्हान्स भरतोयस म्हणालास. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. बाळूचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं. लाज वाटत होती.

चार वर्षांपूर्वी तो आंब्याच्या कलमावरून पडला, कोल्हापूरला ऑपरेशन झालं, इथवर तुला ठाऊक आहे. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मज्जारज्जूला मार आहे, कमरेखाली किती परत येईल सांगता येत नाही, व्यायाम सोडू नका. आम्हाला नुसत्या व्यायामावर समाधान होईना. त्यात आमच्या वाडीतल्या एका पोराचा रक्ताचा कॅन्सर बहिणीच्या स्टेम सेल देऊन बरा झालेला. ते खरंच होतं बरं का. तो उपचार आपल्याकडे १९८३ पासून आहे, पहिला मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये झाला. थॅलेसेमियालाही करतात. त्या पेशींचा धंदाच रक्त तयार करण्याचा, शिरेतून सोडल्या तरी हाडात जाऊन कामाला लागतात. कण्यात टोचलेल्या पेशीने मज्जातंतू व्हावं, नेमकं जोडलं जावं आणि वेळेवर वाढ थांबवावी, हे मात्र अजून कुणाला खात्रीने जमलेलं नाही. आम्ही दोन्ही एकच समजलो. पेटीवर देवगड छापलं की आत कर्नाटकचा आंबा खपतो, हे मी, आंब्याच्या धंद्यातला माणूस, विसरलो!

शहरातल्या एका हॉटेलात अशाच स्टेम सेलवाल्यांचं शिबिर होतं. चार इंजेक्शनं, चार लाख ऐंशी हजार. एक मुलगी रोज फोन करायची, "काका, या महिन्याच्या जागा संपत आल्यात." भिंतीवर फ्रेममध्ये नोंदणी क्रमांक. तो बघून मी निर्धास्त झालो. सीटीआरआय ही वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही, तिच्यातली नोंद म्हणजे अभ्यासाची नोंद, उपचाराला परवानगी नव्हे, हे फार उशिरा कळलं. आणि खऱ्या अभ्यासात पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, त्यातून इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. आम्ही पन्नास कलमं तीन वर्षांच्या कराराने दिली. बाळूच म्हणाला, "पाय हलतले तर बाग गेली तरी चलात."

पहिल्या इंजेक्शननंतर दोन रात्री ताप. पंधरा दिवसांनी म्हणाला, अंगठ्यात मुंग्या येतात. आईने देवीपुढे नारळ ठेवला. मी रोज संध्याकाळी त्याला डोळे मिटायला लावून टाचणी टोचून बघायचो. कधी तो बरोबर सांगायचा. कधी मी हात मागे घेऊन नुसता बसलेला असायचो, आणि तो म्हणायचा, "हां, टोचलंस." ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्यानंतर आम्ही थांबलो. चौथ्याचे पैसे परत नाहीत.

त्याहून जास्त लागलं ते गेल्या वर्षी. एका मोठ्या इस्पितळात कण्याच्या इजेवर खराखुरा अभ्यास चालू होता. कागद बघून तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, आधी कुठे पेशी टोचून घेतल्यात का? घेतल्या असतील तर आमच्या अभ्यासात घेता येत नाही. झालं. आम्ही पैसे देऊन तीही वाट बंद करून आलो होतो.

तरी आम्ही स्वस्तात सुटलो. फ्लोरिडात तीन बायकांनी प्रत्येकी पाच हजार डॉलर मोजून पोटाच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या आणि दृष्टी घालवून बसल्या. २०१७ साली ते छापून आलंय. एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भातल्या पेशी टोचल्या होत्या. काही वर्षांनी मेंदूत आणि कण्यात गाठी निघाल्या. तपासल्या तर त्या दुसऱ्याच्याच पेशींच्या.

नीरजच्या बाबतीत तर फार शोधायलाही नको. ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्येच सांगितलंय. त्या लोकांना हे माहीत नसेल असं तुला वाटतं?

पुढे काहीच होणार नाही, असं मी म्हणत नाही. बिडीने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात ना, आपल्या दत्तूकाकांना झालेलं, त्यावर पेशींचं एक औषध रीतसर चाचण्या होऊन आपल्याकडे मान्य झालंय. पण त्याला वर्षं लागली, आणि ते ज्या आजारांवर तपासलं त्यांच्यापुरतंच आहे.

वहिनींना हे पत्र वाचून दाखव, त्या तुझ्यापेक्षा शांतपणे ऐकतील. नीरजच्या स्पीच थेरपीच्या बाई सोडू नका. मेमध्ये त्याला घेऊन ये. बाळू हल्ली पडवीत बसून आंबे निवडतो. गेल्या वेळी नीरजने पेटीत लावलेला थर, एकाही फळाचं देठ दुसरीकडे वळलेलं नाही असा, तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. यंदा निम्म्या पेट्या त्याच्याकडूनच भरून घ्यायच्या म्हणतो.

फोन कर, पण रात्री नऊनंतर. त्याआधी रेंज फक्त विहिरीपाशी मिळते.

तुझा,
दिगंबर